नऊ हजार फॉलोअर्स आणि सात ऑर्डरी

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई बेचाळीस वर्षांच्या आहेत. चार वर्षांपासून त्या आणि त्यांच्या जाऊबाई घरी कांदा-लसूण मसाला करून विकतात. महिन्याला साठ किलोपर्यंत मसाला करायची दोघींची ताकद आहे, खपतो पंचवीस-तीस किलो. भाव किलोला ७०० रुपये. मिरची, खोबरं, गरम मसाला, तेल, डंकाचे पैसे, पाकीट असं सगळं वजा जाता किलोमागे १५० रुपये सुटतात. कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर खाती उघडून दिली. डंकावर मिरची कुटतानाची एक रील दोन लाखांवर लोकांनी बघितली आणि फॉलोअर्स नऊ हजारांवर गेले. त्या भरात श्रावणात ६,००० रुपये घालून दोन पोस्टी ‘बूस्ट’ केल्या, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवल्या. त्यातून ऑर्डरी आल्या सात. घाणेरड्या कॉमेंट मात्र बऱ्याच आल्या, आणि सासूबाईंनी ‘मोबाइलवर तोंड दाखवायचं नाही’ म्हणून बजावलं. आता एक एजन्सी महिना १२,००० रुपयांत वीस पोस्टी, आठ रील आणि वीस हजार फॉलोअर्स देऊ म्हणते आहे. यजमान म्हणतात, बंद कर हे सगळं. ताई विचारतात, “एजन्सीला पैसे द्यावेत, की हे आपल्यासारख्यांचं काम नाही असं समजून मोबाइल ठेवून द्यावा आणि आपला मसालाच करावा?”

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुम्ही आकडे लपवले नाहीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. बहुतेक पत्रांत ‘प्रतिसाद कमी आहे’ एवढंच असतं. तुम्ही किलो, रुपये, ऑर्डरी सगळं लिहिलंत. म्हणून आधी मसाल्याचा हिशेब करू आणि मोबाइलकडे नंतर वळू.

चार माणसांचं, आठवड्यातून एक-दोनदा रस्सा करणारं घर महिन्याला साधारण अर्धा किलो मसाला संपवतं. तुमची ताकद साठ किलोची. म्हणजे नेहमी घेणारी एकशेवीस घरं मिळाली की तुमचे हात भरले. आज तुमचा माल पन्नास-साठ घरांत जातोच आहे. तेव्हा तुम्हाला हवी आहेत अजून साठ-सत्तर घरं. वीस हजार माणसं उद्या खरोखरच ऑर्डर द्यायला लागली, तर तुम्ही आणि जाऊबाई काय करणार? मिरचीची देठं काढायला तरी हात कुठून आणणार?

आता एजन्सीचे १२,००० रुपये घ्या. किलोमागे १५० रुपये सुटतात, म्हणजे नुसती एजन्सीची फी निघायला महिन्याला ऐंशी किलो जास्तीचा मसाला विकावा लागेल. तुम्ही करूच शकता साठ. त्यामुळे आजच्या घडीला एजन्सीला नाही म्हणा. एजन्सी वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. पुढेमागे पाच बायका हाताखाली घेतल्या, महिन्याला तीन-चारशे किलो माल निघायला लागला, तर हे काम दुसऱ्याकडे सोपवायची वेळ येईलही. पण जी एजन्सी ऑर्डरींबद्दल अवाक्षर न काढता फॉलोअर्सचा आकडा कबूल करते, तिच्यापासून तेव्हाही लांबच राहा. असे फॉलोअर्स बहुधा विकत आणलेले असतात. ते मसाला घेत नाहीत, पोस्टही बघत नाहीत, आणि तुमच्याच खात्यातले लोक तुमच्या पोस्टी बघत नाहीत असं दिसलं की इन्स्टाग्राम त्या पुढे सरकवत नाही.

म्हणजे मोबाइल ठेवून द्यायचा का? तर नाही. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हापुन्हा वाचली. तुम्ही ती जाता जाता लिहून गेला आहात. रील चालली तेव्हा खाली कितीतरी जणांनी ‘किंमत काय?’ असं विचारलं होतं. आणि पुतण्या पुण्याला असल्यामुळे तो रात्री मोबाइल बघून प्रत्येकाला ‘डीएम करा’, म्हणजे खाजगी मेसेज करा, असं उत्तर देत होता.

ताई, दुकानात आलेल्या बाईने भाव विचारला आणि तुम्ही तिला म्हणालात, ‘मागच्या दाराने या, मग सांगते,’ तर ती येईल का? किंमत विचारणारा माणूस त्या क्षणी घ्यायच्या मनःस्थितीत असतो. रात्री अकराला त्याला उत्तर मिळतं तेव्हा तो विसरलेला असतो. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही सवय आपल्याकडे का रुळली हे मला कधीच पटलेलं नाही. भाव सांगायला लाजायचं काय कारण? प्रत्येक पोस्टखाली स्वच्छ लिहा: पाव किलो इतके, अर्धा किलो इतके, एक किलो इतके, कुरिअरचे इतके, किती दिवसांत पोचेल, आणि ऑर्डरीसाठी व्हॉट्सअॅप नंबर. एवढं एकच काम केलंत तरी फरक पडेल, आणि त्याला रुपयाही लागत नाही.

रीलबद्दल तुमचा जो समज झाला आहे, तोही एकदा तपासून बघू. दोन लाख लोकांनी बघितली आणि कुणी घेतलं नाही, म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे, असा सूर तुमच्या पत्रात आहे. तसं नाही. रील ही मुळात तुम्हाला न ओळखणाऱ्यांनाच जास्त दाखवली जाते. लोक किती वेळ थांबून बघतात, किती जणांना पाठवतात, यावर ती पुढे जाते. डंकाचा तो ठोका, लाल मिरचीचा उडणारा रंग देशात कुणालाही बघावासा वाटतो. बघणाऱ्याच्या घरी हा मसाला खातात की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. पुतण्याला सांगून खातं ‘प्रोफेशनल’ करून घ्या आणि ‘इनसाइट्स’मध्ये, म्हणजे खात्याच्या आकडेवारीत, बघणारे कोणत्या शहरांतले आहेत ते पाहा. पुणे, मुंबई, ठाणे, कोल्हापूर ही नावं वर नसतील, तर त्या दोन लाखांना आनंद झाला एवढंच समजा आणि पुढे चला.

आणि बूस्ट केलंत ते कधी? श्रावणात! कितीतरी घरांत त्या महिन्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, रस्सा तर दूरच. पुतण्याचं वय लहान आहे, त्याच्या डोक्यात हे आलं नसेल, पण तुम्हाला आपल्या मालाचं पंचांग तोंडपाठ आहे. गावोगावच्या यात्रा चैत्र-वैशाखात असतात. धुळवडीला मटण असतं. आषाढात गटारीच्या आधीचा आठवडा असतो. नवरात्र संपलं की पुन्हा चूल तिखट होते, मार्गशीर्षात गुरुवार धरणाऱ्या घरी थोडा हात आखडतो. शिवाय फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वर्षाची चटणी, म्हणजे हाच मसाला, करून ठेवायचा हंगाम. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची बाजारात आली की ज्यांना घरी करणं होत नाही, ते कुणाकडून तरी घेतातच. कोणत्या आठवड्यात बोलायचं आणि कोणत्या आठवड्यात गप्प बसायचं, हे शहरातल्या एजन्सीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. पोस्टी या पंचांगाने टाका. रोज काहीतरी टाकलंच पाहिजे हा धाक मनातून काढून टाका. आठवड्याला दोन पुरेत.

आता त्या सात ऑर्डरींकडे येते. सहा हजारांत सात, म्हणजे ऑर्डरमागे साडेआठशे रुपये पडले. खूप महाग पडल्या. पण त्या सातजणांचं पुढे काय झालं, हे पत्रात कुठेच नाही. त्यांनी पुन्हा मागवला का? मसाला तिखट झाला, की कमी पडला? पाकीट फुटून तेल बाहेर आलं होतं का? तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत का?

एका घराने श्रावण-नवरात्र सोडून वर्षाला पाच किलो मसाला घेतला, तर तुम्हाला त्या घराकडून साडेसातशे रुपये सुटतात. तेच घर एकदा पाव किलो घेऊन थांबलं, तर सदतीस रुपये. माणूस तोच, पाकीटही तेच. फरक पडतो तो दुसऱ्या पाकिटापासून. आणि दुसरं पाकीट रील बघून जात नाही. पहिलं संपत आलं असेल त्या सुमाराला ‘ताई, चटणी संपली का?’ असा एक निरोप गेला की जातं. म्हणून माझ्या मते तुमचं खरं दुकान व्हॉट्सअॅपवर आहे. इन्स्टाग्राम ही त्या दुकानाची पाटी.

त्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका. ते फुकट आहे. त्यात कॅटलॉग असतो, तिथे प्रत्येक पाकिटाचा फोटो आणि भाव घाला. कुणीही पहिला मेसेज केला की आपोआप जाणारा निरोप लिहून ठेवता येतो, त्यात भावाची यादी घाला. मग तुम्ही डंकावर असलात तरी विचारणारा ताटकळत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं: नवीन, पैसे बाकी, माल पाठवला. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला, निरोप मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. तेव्हा प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी टाका, ‘हा नंबर सेव्ह करून ठेवा, नवा मसाला झाला की कळवू.’ न विचारता लोकांना ग्रुपमध्ये ओढू नका, अनोळखी शेकडो नंबरांना निरोप पाठवू नका. लोक तक्रार करतात आणि नंबरच बंद होतो.

हे सगळं एका वहीतही उतरवा. नाव, गाव, नंबर, किती घेतला, तिखट की मध्यम, कोणत्या तारखेला. वहीचा आग्रह का धरते ते सांगते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचे लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले. त्यांच्याकडे त्या माणसांचा ना पत्ता होता ना नंबर. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम सहाएक तास बंद पडले होते. वहीतलं घर मात्र तुमचंच राहतं.

खाती कुणाच्या नावावर आहेत, तेही आजच बघा. पुतण्याच्या ईमेलवर आणि त्याच्या नंबरवर उघडली असतील, तर ती तुमच्या नावावर करून घ्या. पोरगा गुणाचाच आहे, पण उद्या तो नोकरीला लागेल, मोबाइल बदलेल. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर कोडही मागणारी सोय, सुरू ठेवा. ‘तुमच्या पेजने कॉपीराइट मोडला आहे, इथे क्लिक करा’ असे मेसेज येतील, ते खाती चोरण्यासाठी असतात. आणि मोठी ऑर्डर देऊन ‘पैसे घेण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारा भेटला तर लगेच थांबा. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसगत झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तातडीने फोन करा.

सासूबाईंचं म्हणणं मला अडचणीचं वाटत नाही, आणि त्यांना जुन्या वळणाच्या म्हणून बाजूला सारू नका. ज्या कॉमेंट आल्या त्या वाचून कुठल्याही घराला राग येईल. मसाला विकायला तोंड दाखवायची गरज नाही. हात दाखवा. वाळवलेला कांदा तेलात लालसर होताना दाखवा, खलबत्त्यात ठेचलेला लसूण दाखवा, रश्श्यावर आलेला कट दाखवा. आवाज तुमचा असू द्या, तुम्ही घरात बोलता तसाच. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ‘हिडन वर्ड्स’ आहे, तिथे शिव्या आणि घाणेरडे शब्द मराठीतच लिहून ठेवा, तशा कॉमेंट आपोआप झाकल्या जातात. उरलेल्यांना उत्तर न देता ब्लॉक करा. धमकी किंवा अश्लील मेसेज आला तर पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे द्या.

चित्रण करताना आधी मोबाइलची काच पदराने पुसा. ट्यूबलाइटखाली मसाल्याचा रंग मळकट दिसतो, सकाळी खिडकीजवळ तोच मसाला जसा आहे तसा लाल दिसतो. सिनेमाचं गाणं घालू नका. धंद्याच्या खात्याला बरीचशी गाणी वापरता येत नाहीत आणि व्हिडिओ काढून टाकला जातो. शिवाय डंकाचा आवाज आहेच की.

आणि काय सांगायचं हा प्रश्न पडला, तर गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच सांगा. किलोभर मटणाला किती चमचे घालायचे? भाजीला आधी घालायचा की नंतर? मसाला काळा का पडतो? बरणीत ओला चमचा घालू नये, वर हिंगाचे खडे ठेवावेत, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. पण पुण्यात एकटी राहून नोकरी करणाऱ्या मुलीला ते ठाऊक नसतं, आणि तिला आईला दरवेळी फोन करायचा नसतो. अशा तीस सेकंदांच्या व्हिडिओला दोन लाख लोक येणार नाहीत. दोनशे येतील, पण ते चुलीशी उभे असलेले दोनशे असतील.

जाहिरातीला पैसे घालायचेच असतील तर फेब्रुवारीत, नवी मिरची आल्यावर घाला. सरळ ‘बूस्ट’चं बटण दाबू नका. बघणाऱ्याने दाबल्यावर व्हॉट्सअॅप उघडेल अशी जाहिरात निवडा, म्हणजे माणूस थेट तुमच्याशी बोलतो. आणि जागा ठरवून द्या. तुमचा मसाला कुणाला हवा आहे? सातारा-सांगलीकडून पोटापाण्यासाठी गेलेल्यांना. म्हणून नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली धरा, तिथे आपल्या भागातल्या माथाडी कामगारांची घरं आहेत. पुण्यात हडपसर आणि पिंपरी-चिंचवड धरा. पाच दिवस, हजार-पंधराशे रुपये, त्याच्या वर नाही. मग भागाकार करा. एका नव्या घरामागे दीडशे-दोनशेच्या आत खर्च आला आणि ते घर पुन्हा घेऊ लागलं, तर जाहिरात परवडली. पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी शंभर ग्रॅमचं पाकीटही ठेवा. चव माहीत नसताना किलोभर कुणी घेत नाही.

महाराष्ट्रातलीच नावं घेण्यामागे आणखी एक कारण आहे. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटीची नोंदणी लागते. बेंगळुरूहून ऑर्डर आली म्हणून आनंदाने कुरिअर करण्याआधी गावातल्या एखाद्या सीएला विचारा. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केली आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. केली नसेल तर सगळ्यात आधी ती करा, चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापा, सोबत वजन, किंमत, भरल्याची तारीख आणि पत्ता. एजन्सीचे १२,००० वाचवायला सांगितले त्यातले काही इथे घाला, काही चांगल्या जाड पाकिटांत आणि सीलिंग मशीनमध्ये. तेलकट मसाला पातळ पिशवीत कुरिअरने गेला की पोचेपर्यंत खोका लाल होतो, आणि तो फोटो लोक न चुकता टाकतात. खाण्याचे व्हिडिओ करणाऱ्या कुणाला मसाला फुकट पाठवलात, तर त्याने ते व्हिडिओत सांगायला हवं. जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे. नात्यातल्यांकडून खोटे ‘रिव्ह्यू’ लिहून घेऊ नका, तुम्हाला त्याची गरजच नाही.

हे वाचणाऱ्या इतर भगिनींपैकी कुणाचं शिवणकाम असेल, पार्लर असेल, खानावळ असेल, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तुमचं गिऱ्हाईक दोन-तीन किलोमीटरच्या आतलं. तुम्ही रीलआधी गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करा. ती फुकट आहे, वेळ, फोटो, फोन नंबर सगळं त्यात येतं, आणि ‘जवळचं पार्लर’ शोधणारीला तुम्ही दिसता. समाधानी गिऱ्हाइकाला तिथे दोन ओळी लिहायला सांगा. कोकणात घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांनी न्हाणीघराचा आणि गाडी लावायच्या जागेचाही फोटो टाकावा, समुद्राचा सगळेच टाकतात. पैठणीसारखी महागाची वस्तू विकणाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर पदर उलटून दाखवावा लागतो, तिथे पोस्टीने काम भागत नाही. मात्र भाव उघड सांगणं, वेळेत उत्तर देणं आणि जुन्या गिऱ्हाइकाची नोंद ठेवणं कुणालाच चुकत नाही.

ताई, यजमानांच्या बोलण्याकडेही नीट बघा. ‘बंद कर’ म्हणताना त्यांना दिसतं ते एवढंच, की बायको रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर आहे आणि सहा हजार गेले. त्यांना वही दाखवा. मोबाइलची वेळ ठरवून घ्या, दुपारी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, आणि त्या वेळात उत्तरं तुम्ही किंवा जाऊबाईंनी द्या. पुतण्याने फक्त व्हिडिओ जोडून द्यावा. महिनाअखेरीला किती घरं वाढली ते दोघांनी मिळून मोजा. चार महिन्यांत पंधरा-वीस घरंही वाढली नाहीत, तर त्यांचं म्हणणं मान्य करून पुण्या-मुंबईतल्या बचत गटांच्या प्रदर्शनांत टेबल लावायचा विचार करा. तोही चांगला रस्ता आहे. तिथे लोक मसाल्याचा वास घेऊन घेतात, आणि जाताना त्यांचे नंबर तुमच्या वहीत येतात.

सुरुवात मात्र त्या सातजणांपासून करा. या रविवारी सातहीजणांना फोन लावा. विकायला नको, विचारायला. मसाला कसा वाटला, किती दिवस पुरला, पाकीट नीट आलं का. जे सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर जसंच्या तसं लिहा, वाईट सांगितलं तर तेही. एजन्सीला तोवर ‘यंदाचा हंगाम झाल्यावर बघू’ एवढंच कळवा.